साथीचे भय आणि गिरणगाव

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भावांची व्यवस्था लावताना वीराचे नाते उत्तम प्रकृतीच्या माणसांशी जोडले आणि भय हा भाव स्त्रिया व नीच प्रकृतीची माणसे यांच्या पदरी टाकला. महाविद्यालयात शिकवताना ही गोष्ट मी जवळजवळ तीस वर्षे सांगत आलो आणि मुलांनीही ती तीस वर्षे वहीत उतरवून घेतली. तीत काही खटकण्यासारखे आहे असे मला कधी वाटले नाही. संध्याकाळी व्याख्यान संपवून मी लालबागच्या ज्या चाळीत परतत असे, तिथली निम्मी वस्ती या व्याख्येप्रमाणे भयाचीच पात्रे ठरत होती, हेही मनात आले नाही. ते आले २०२० साली, आणि ते येण्यासाठी माझ्या हातून एक कृत्य घडावे लागले. त्याविषयी पुढे लिहीन. आधी साहित्याविषयी.

माझ्या खोलीतून निघून पायी हिंडले तर साथींच्या इतिहासातील दोन-तीन मोठी ठिकाणे तासाभरात पाहून होतात. परळला हाफकिन संस्था आहे. तिची इमारत एके काळी मुंबईच्या गव्हर्नराचा बंगला होती. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी याच बंगल्यात पटकीने वारली आणि त्यानंतर गव्हर्नरांनी आपला मुक्काम मलबार पॉइंटला, समुद्राच्या वाऱ्यावर हलवला. पुढे १८९९ मध्ये त्याच रिकाम्या बंगल्यात हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. दुसरीकडे सात रस्त्याच्या बाजूला कस्तुरबा रुग्णालय आहे. त्याचे जुने नाव आर्थर रोड हॉस्पिटल. २०२०च्या मार्चमध्ये मुंबईतले करोनाचे पहिले रोगी याच आवारात आणले गेले, आणि १८९६च्या ऑक्टोबरात प्लेगचे रोगीही याच आवारात आणले जात होते. गव्हर्नर परळ सोडून गेले याला कोणी घबराट म्हटले नाही. गिरणीतला माणूस गलबताने रत्नागिरीकडे पळाला, तेव्हा मात्र सरकारी अहवालांना हा एकच शब्द सुचला. एकाच भयाला दोन नावे मिळतात. कोणते नाव कोणाला द्यायचे हे ठरवण्याचे काम भाषा करते, आणि भाषेचा व्यवहार हे तर आम्हा टीकाकारांचे क्षेत्र. म्हणून हा विषय वैद्यकाचा किंवा समाजशास्त्राचा म्हणून बाजूला सारता येत नाही.

१८९६च्या सप्टेंबरात मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. ऑक्टोबरच्या आरंभी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचा हुकूम काढला. त्याच महिन्याच्या अखेरीस, २९ तारखेला, हजाराच्या आसपास गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुढे हुकूम सैल करावा लागला. इतका तपशील बहुतेकांना ठाऊक असतो. मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्या दिवसांत गिरण्यांच्या भागात फिरत असलेली कथा. फोर्टकडे राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते. त्या अपमानाने राणी रागावली आहे आणि राग शांत करण्यासाठी तिने माणसांची काळजे मागवली आहेत. इस्पितळात नेतात ती काळजे काढण्यासाठीच, अशी ती कथा होती. इंग्रज अधिकाऱ्यांनी अडाण्यांची अफवा म्हणून ती नोंदवून ठेवली, म्हणून तर ती आपल्यापर्यंत पोचली.

योगायोग असा की त्या डांबराविषयी मराठीत एक ग्रंथही आहे. दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात पुतळा विद्रूप केल्याचे श्रेय स्वतःकडे घेतले आहे. म्हणजे एकाच डांबराची दोन निवेदने आपल्यापुढे आहेत. एक पुण्याच्या तरुणाचे: त्यात धर्म आहे, अपमान आहे, सूड आहे, आणि सर्वत्र ‘मी’ आहे. दुसरे गिरणगावचे: त्याला कर्ता नाही, ते कोणी लिहिले नाही, आणि त्यात सूड राणी घेते आहे, तोही पुतळ्याला बोट न लावलेल्या माणसांवर. डांबर कोणी फासले याच्याशी साच्यावरच्या माणसाला कर्तव्य नव्हते. त्याची किंमत कोणाच्या शरीरातून वसूल होणार, एवढेच त्याला विचारायचे होते. पहिले निवेदन आपण इतिहासात घेतले आणि दुसरे टाकून दिले. मला तर वाङ्मयीन दृष्टीने दुसरेच अधिक कसदार वाटते. ज्या माणसाचा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत कापसाच्या धुरळ्यात जातो आणि ज्याला रविवारची सुटीदेखील १८९० साली, सहाच वर्षांपूर्वी, झगडून मिळाली आहे, त्याला वरच्या सत्तेचा एकच अनुभव असतो: ती शरीर मागते. तेव्हा तीच सत्ता एकाएकी दाराशी येऊन ‘तुझ्या भल्यासाठी तुझे शरीर आमच्या हवाली कर’ असे म्हणू लागली, तर त्याने त्याचा अर्थ कोणत्या आधारावर लावावा? शिवाय त्याच्यापुढे पुरावाही होता. रोगी बहुधा शेवटच्या अवस्थेत इस्पितळात पोचत आणि बहुतेक मरत. आत गेलेला परत येत नाही, हे निरीक्षण चुकीचे नव्हते. चुकले होते ते कारण.

येथे कोणी म्हणेल की मी अफवेचे गौरवगीत गातो आहे. तसे नाही. त्या कथेमुळे माणसे मेली. घरात रोगी लपवले गेले, आणि ज्या लसीने पुष्कळांचे प्राण वाचले असते, ती टोचून घ्यायलाही किती तरी जण कचरले. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये ती लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. पण त्या कृतीतले धैर्य चाळीतल्या माणसापर्यंत पोचावे कसे? त्याच्यापर्यंत पोचली ती भिंतीवरची अक्षरे. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर यू. एच. एच. ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवली जात. साथीच्या काळात सरकारने मुंबईच्या गरिबांसाठी केलेले हे सर्वांत ठळक लेखन, आणि ज्यांच्या घरांवर ते होते त्यांना ते वाचता येत नव्हते. न कळणाऱ्या अक्षरांच्या जागी माणसे आपली कथा रचतात. अफवा खोटी असते हे खरे, परंतु कादंबरीही खोटीच असते, आणि तिच्या बाबतीत आपण खरेखोटे विचारीत बसत नाही. ती कशातून उगवली हे विचारतो. तोच प्रश्न अफवेला विचारावा, एवढेच माझे म्हणणे.

भयाची दुसरी बाजू मला याहून अवघड वाटते. शहरातली जवळजवळ निम्मी माणसे पळाली तेव्हा मागे उरलेल्यांचे काय झाले? गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा कामगारांची रस्त्याच्या नाक्यावर बोली लागू लागली. रोजचा रोज रोख मजुरी देण्यास मालक तयार झाले. मुकादमाच्या मेहेरबानीवर जगणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच आपला भाव स्वतः सांगू लागला, आणि त्याच्या भावाला ही किंमत मृत्यूच्या सान्निध्यामुळे आली होती. मैला वाहणाऱ्या हलालखोरांचे तर आणखी निराळे. ते निघून गेले तर शहर उद्ध्वस्त होईल, ही चिंता स्नो यांच्या अहवालात स्पष्ट आहे. हलालखोराला प्लेग होईल याची नव्हे; तो निघून जाईल याची. धोका म्हणजे काय, हे उंचीवरून पाहणाऱ्याला आणि गटारात उभे असणाऱ्याला किती वेगळे दिसते!

डॅनियल डीफोने हे ओळखले होते. लंडनच्या १६६५च्या प्लेगवर त्याने १७२२ साली जे पुस्तक लिहिले, त्यात गरिबांच्या धाडसाचा उल्लेख आहे. रोग्यांची शुश्रूषा, बंद घरांवरचा पहारा, प्रेतांच्या गाड्या, सारी जोखमीची कामे गरिबांनी पत्करली. डीफोचा खोगीरवाला निवेदक त्यांच्या बेफिकिरीवर चिडतो, तिला पाशवी म्हणतो. पण दुसरे काम नसल्याने ते हे करतात, हेही तो लपवीत नाही. त्याला हिशेब कळतो. व्यापाऱ्याच्या लेखणीचा हा गुण आहे. त्यामानाने कामूची ‘प्लेग’ (१९४७) ही कितीतरी थोर कादंबरी, आणि आपल्याकडे ती भक्तिभावाने वाचली जाते. मीही ती तशीच शिकवली. परंतु त्या ओरान शहरातले अरब कोठे आहेत? रांबेर हा पत्रकार तेथे येतो तो मुळी अरबांच्या राहणीची पाहणी करायला. साथ सुरू होते आणि ती पाहणी कायमची मागे पडते. कादंबरीतले सगळे मोठे प्रश्न, परमेश्वर आहे का, निरपराधाच्या मरणाला अर्थ आहे का, हे युरोपीय माणसे एकमेकांत चर्चून घेतात. पोटासाठी रोज बाहेर पडावे लागणाऱ्याला तात्त्विक भय वाटत नाही असे कामूने कोठेही म्हटलेले नाही. त्याने त्याला फक्त बोलायला दिले नाही. थोर लेखकांच्या उणिवा अशाच असतात. त्या वाक्यांत सापडत नाहीत.

मग आपण मराठी लेखक तरी काय करीत होतो? आपला प्लेग म्हणजे पुण्याचा प्लेग. रँड, घरांची झडती, २२ जून १८९७ची रात्र, टिळकांवरचा खटला. हा इतिहास तेजस्वी आहे यात शंका नाही, आणि गोऱ्या शिपायांच्या झडत्यांतला अपमान खोटा नव्हता. पण त्याच वर्षीच्या ९ फेब्रुवारीला मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे प्लेगने गेले. रविवारची सुटी ज्यांच्या खटपटीने मिळाली ते हेच. १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी आपल्या यशवंताच्या दवाखान्यात पोचवले होते आणि त्यातूनच त्यांना लागण झाली. एका महिन्याच्या अंतराने घडलेले हे दोन मृत्यू. धोका ठाऊक असून त्याच्याजवळ गेलेली ही माणसे. आपल्या ललित लेखनाला त्यांच्यात नाट्य दिसायला किती उशीर लागला! लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हा सन्माननीय अपवाद. तेथे साथ घरातून, बाईच्या नजरेने, विनोदाची ढाल धरून पाहिली आहे. पण लक्ष्मीबाई म्हणजे लक्ष्मीबाई. त्यांच्यावरून परंपरा ठरवता येत नाही.

१९१८च्या इन्फ्लुएंझाची गोष्ट तर याहूनही चमत्कारिक. मराठीने त्याला ‘मानमोडी’ असे अर्थगर्भ नाव दिले आणि मग ते नाव जणू मिटवून टाकले. हिंदीत निरालांच्या ‘कुल्ली भाट’मध्ये प्रेतांनी भरलेली गंगा आहे, आपल्या वाङ्मयात या साथीला त्या तोडीची जागा मिळाली नाही. त्या वर्षी मुंबईत हलक्या मानलेल्या जातींच्या हिंदूंत हजारी ६१.६ माणसे दगावली, तर युरोपियनांत ८.३. आकडे मी सहसा साहित्याच्या लेखात आणीत नाही. हे दोन मात्र आणल्यावाचून राहवत नाही.

माझी आजी त्या साली तेरा वर्षांची होती, मालवणकडून नुकतीच लग्न होऊन आलेली. एका गाळ्यात पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांसाठी तिची सासू खानावळ चालवी. मानमोडीविषयी मी तिला लहानपणी पुष्कळदा विचारले. प्रेतांच्या, हुंदक्यांच्या कथा ऐकायला मिळतील अशी माझी अपेक्षा असे. ती सांगे ते निराळेच. कोण किती दिवस कामावर गेला नाही, कोणाच्या जागी जॉबरने कोणाला उभे केले, कोणाचे खानावळीचे पैसे बुडाले. “ताप काय, येतलो नि जातलो,” ती म्हणे, “खाडो पडलो की जागा जातली.” मला हे रुक्ष वाटे. माझी आजी निवेदक म्हणून कमी पडते, असेही मी मनाशी ठरवून टाकले होते. पुढे कळले की तिची कथा पुरी होती; तिचे मध्यवर्ती पात्र ताप नव्हते, खाडा होता. मृत्यूची शक्यता तिला ठाऊक होती, पण ती शक्यता होती. खाडा ही खात्री होती. खात्रीला सोडून शक्यतेला भिणे हे ज्याच्या घरात महिनाभराचे धान्य आहे त्यालाच परवडते.

‘खाडा’ या शब्दाचे वजन कळलेले लेखक मराठीत झाले, परंतु ते साथीच्या दारातून आले नाहीत. मामा वरेरकरांनी ‘धावता धोटा’मध्ये गिरणी साहित्यात आणली, पण तेथे गिरणीकडे पाहणाऱ्याची सहानुभूती अधिक आहे. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या शाहिरीने भयाचा उलटा उपयोग केला, त्याला हाक बनवले. नारायण सुर्वे यांना तर गिरणी कामगार असलेल्या माणसाने रस्त्यावरून उचलून वाढवले. ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) मधला आवाज हा धोक्याचा रोजचा शेजार असलेल्या माणसाचा आवाज आहे. आणि जयंत पवार. त्यांचे ‘अधांतर’ (१९९७) मी साथीचे नाटक म्हणून वाचावे असे सुचवले तर वाचक हसतील. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने उद्ध्वस्त झालेले धुरींचे घर, बेकार मुले, आणि सगळ्यांना सांभाळू पाहणारी आई. त्यात रोगजंतू कोठे आहे? पण त्या खोलीत प्रत्येक जण आपापला धोका वेगळा मोजतो, आणि एकाचे मोजमाप दुसऱ्याला वेडेपणा वाटते. आणि नाटककार कोणालाच अडाणी म्हणत नाही. हे शेवटचे मला सर्वांत मोलाचे वाटते. गिरणगावातच वाढलेल्या या लेखकाने भरतमुनींचा तो विभाग एकही शब्द न उच्चारता मोडून टाकला आहे. जीवनवादी आणि कलावादी यांचा जुना वाद मला येथे उकरायचा नाही. पण अनुकंपा हा तंत्राचा प्रश्न असतो, हे मी या नाटकावरून शिकलो.

शिकलो म्हणालो, परंतु वागलो नाही. २०२०च्या उन्हाळ्यात लालबाग कधी नव्हे इतके गप्प होते. मसाला गल्लीतली कांडपयंत्रे ऐन मिरचीच्या दिवसांत बंद. पुढे त्या वर्षी लालबागच्या राजाची मूर्तीही बसली नाही, मंडळाने त्याऐवजी रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला. आमच्या मजल्यावर एक बाई राहते. गिरणीच्या जागेवर उठलेल्या एका टॉवरमध्ये ती धुण्याभांड्याची कामे करी. टाळेबंदी थोडी सैल झाली आणि तिला पुन्हा बोलावणे आले, त्याच आठवड्यात ती खोकू लागली. फोडणीचा वास येत नाही, असे ती माझ्या सुनेला सहज बोलून गेली. मी तिला गाठून तपासणी करून घे म्हणालो.

ती म्हणाली, “सर, कागद आला तर टॉवरच्या गेटवर नाव लागेल. ताप उतरेल हो, नाव नाही उतरणार.”

“असा अडाणीपणा करू नकोस,” मी म्हणालो. वर्गात मुलांशी बोलावे तशा स्वरात. आणि संध्याकाळी चाळीच्या समितीला कळवले.

दुसऱ्या दिवशी आमच्या गॅलरीला बांबू बांधले गेले. तिला विलगीकरणासाठी नेले. आमच्या मजल्यावर दम्याचे दोन म्हातारे होते, त्यातला एक मी; आम्हाला काही झाले नाही. ती बरी होऊन परतली तेव्हा टॉवरमधली कामे गेली होती. जुलैत मुंबईच्या तीन विभागांत झालेल्या पाहणीत झोपडपट्ट्यांतील ५७ टक्के आणि इमारतींतील १६ टक्के लोकांच्या रक्तात लागणीची खूण सापडली. म्हणजे टॉवरवाल्यांचे भय काही निराधार नव्हते, असे कोणी म्हणेल. पण रोग विमानाने आला होता आणि ती लोकलने जात होती. त्या राज्यात तेव्हा लागू केलेला साथरोगाचा कायदाही १८९७चाच होता. मी कळवले ते चूक होते का? आजही मी ठामपणे ‘हो’ म्हणू शकत नाही. माझा दमा हाही एक धोकाच होता. एवढे मात्र खरे की तिचे एक वाक्य, ताप आणि नाव यांतले अंतर दाखवणारे, माझ्या आजीच्या वाक्याचे सख्खे भावंड होते. आणि आजीचे वाक्य व्याख्यानांत उदाहरण म्हणून सांगणाऱ्या मला ते ओळखू आले नाही. आर्थर रोडच्या इस्पितळाच्या आत मी उभा होतो.

तीन-चार महिन्यांनी ती माझ्याशी पुन्हा बोलू लागली. आता ती खाली गाळ्यात चिवड्याची पाकिटे भरते. हा लेख छापायला देण्यापूर्वी तिच्याविषयीचा मजकूर मी तिला वाचून दाखवला; न दाखवता छापणे बरे नव्हते. तिने चिवड्याचे मीठ झटकीत सगळा ऐकला. मी मसुद्यात ‘दोन घरची कामे गेली’ असे लिहिले होते. “दोन नाही, तीन,” ती म्हणाली. “नि तिसऱ्या घरी पगार पण राहिला.” मी खोडून ‘टॉवरमधली कामे’ असे मोघम केले होते, तिला ते पसंत पडले नाही. तेव्हा येथे नोंदवतो: तीन घरे, आणि एका महिन्याचा पगार अजून यायचा आहे.